घुशीची प्रतीक्षायादी

एका घुशीच्या मरणातून सहदेव आचरेकरांच्या पदरात काय पडणार होतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. म्हणजे पुढे त्यांनी जे केलं ते लोभापायी केलं, असं कोणी म्हणणार नाही. पडणार होते ते सात सुरण, दोन वेलांना लागणारे करांद्याचे कंद, हळदीचा एक वाफा, आणि सकाळची पेज बायकोने आदळआपट न करता पुढ्यात ठेवणं. यातल्या शेवटच्या बाबीचं मोल पहिल्या तिन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त होतं. समोरच्या पक्षाचं नुकसान व्हायचं ते फक्त एका जिवाचं. इतका किफायतशीर व्यवहार मुलुंड पूर्वेत त्या साली दुसरा नव्हता, आणि म्हणूनच तो झाला नाही.

आचरेकर बावीस वर्षं लालबागच्या गिरणीत टाइमकीपर होते. संपात गिरणी बसली ती उठलीच नाही. तेव्हा खोलीची पागडी आणि गावच्या चार कलमांचे पैसे जोडून ते 'श्रीसमाधान सहकारी गृहनिर्माण संस्थे'त तळमजल्यावर राहायला आले, आणि भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटावर पुन्हा लोकांच्या येण्याजाण्याच्या वेळा लिहू लागले. तळमजला घेऊ नका, असं त्यांना सगळ्यांनी सांगितलं होतं. डास येतात, गटार तुंबतं, वरचे लोक खाली केस टाकतात. पण जानकीबाईंनी स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, बाहेर चौदा बाय नऊ फुटांची उघडी माती पाहिली आणि म्हणाल्या, "हीच जागा होयी." लग्नाला तीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांनी नवऱ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिली वस्तू, आणि तीही नेमकी नवऱ्याच्या मालकीची नव्हती.

मालकीची होती संस्थेच्या सोळा सभासदांच्या. त्या मातीत बिल्डरने आपल्या सगळ्या फुटक्या विटा पुरून ठेवल्या होत्या. जानकीबाईंनी वर्षभर विटा वेचल्या. मग माहेरच्या चिंदर गावाहून एस.टी.च्या टपावरून सुरणाचं आणि करांद्याचं बियाणं आलं, कढीपत्ता आला, अळू आलं. बाग उभी राहिली. कोणी काही विचारलं नाही, कारण दर शनिवारी सकाळी बाकीच्या पंधरा दारांच्या कड्यांना अळूची एकेक जुडी अडकवलेली असे. मौन आणि अळू यांचा हा करार तीन वर्षं बिनबोभाट चालला. तो कुठेही लिहिलेला नव्हता, म्हणून मजबूत होता.

सत्त्याऐंशीच्या श्रावणात घूस आली.

"अहो, हय येवा जरा," जानकीबाईंनी हाक मारली. "ह्या बघा. वरसून छत्री तशीच उभी आसा, आणि खाली कायेक नाय."

सुरणाचं पान खरोखरच छत्रीसारखं ताठ उभं होतं. त्यांनी दोन बोटांनी दांडा उचलला, तर तो अलगद हातात आला. खालचा कंद घुशीने आतल्या आत पोखरून संपवला होता. भिंतीलगत नारळ जाईल एवढं बीळ होतं आणि त्याच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग.

"घूस," आचरेकर म्हणाले.

"ता माका पण दिसता. पिंजरो हाडा."

घरात उंदरांचा पिंजरा होता. तो लावला. सकाळी तो उलटा पडलेला होता, आतली भाकरी खाल्लेली होती आणि त्याचं दार बिळाच्या तोंडाशी सापडलं. घुशीला धरायला संस्थेचा मोठा लोखंडी पिंजराच हवा होता. तो सचिव चंद्रप्रकाश दिघे यांच्या ताब्यात, मीटरच्या खोलीत कुलूपबंद होता.

इथे आचरेकरांनी अशी चूक केली, जी गिरणीत बावीस वर्षं वेळा लिहिणारा माणूसच करू शकतो. त्यांनी अर्ज लिहायला घेतला.

"अर्ज कसलो करतास?" जानकीबाई म्हणाल्या. "वर जावा, दिघ्यांच्या बायकोक अळवाची जुडी द्या आणि पिंजरो घेवन येवा."

"तुला कळत नाही. तोंडी मागितलं की माणूस नाही म्हणू शकतो. लेखी मागितलं की त्याला उत्तर द्यावं लागतं."

उत्तर आलं. दिघे दुसऱ्या मजल्यावर राहत, एका विमा कचेरीत होते, आणि तोंडी बोलणं हे बोलणंच नव्हे असं मानीत. अर्जात आचरेकरांनी लिहिलं होतं, 'माझ्या घरामागील माझ्या बागेत घूस शिरली असून'. दिघ्यांनी त्यातल्या दुसऱ्या 'माझ्या'खाली लाल शाईने दोन रेघा मारल्या आणि अर्जदाराला समक्ष बोलावलं.

"आचरेकर, कुणाची बाग म्हणालात?"

"तशी माझी नव्हे. म्हणजे हिची."

"हिची म्हणजे?"

"दिघेसाहेब, गेल्या शनिवारी तुम्ही अळूचं फतफतं खाल्लंत ना? ती."

"मी काय खाल्लं ते प्रोसिडिंगमध्ये नाही," दिघे म्हणाले. "हा अर्ज मात्र आला. आता मला डोळेझाक करता येणार नाही."

वास्तविक दिघ्यांना डोळे उघडायला दुसरंही कारण होतं. त्यांनी एकोणऐंशी साली स्कूटर नोंदवली होती. आठ वर्षं वाट पाहून त्यांचा नंबर दसऱ्याला लागत होता. स्कूटर येणार होती, आणि ती उभी करायला संस्थेच्या आवारात सावलीची जागा नव्हती. त्यांच्या मते, होती: चौदा बाय नऊ.

कार्यकारिणीची सभा रविवारी जिन्याखाली भरली. अध्यक्ष अण्णा खुर्चीत बसून डुलकी घेत होते, म्हणजे सभा रीतसर सुरू झाली होती. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका रत्नप्रभाबाई कर्णिक यांनी सुरुवातीलाच सांगितलं की मुक्या जनावराचा जीव घेणाऱ्या ठरावावर त्या सही करणार नाहीत.

"विषबिष काही चालणार नाही. बाप्पाचं वाहन आहे ते."

"बाई, वाहन उंदीर आहे. ही घूस आहे," आचरेकर म्हणाले.

"मोठा उंदीर."

"अहो, मांजराएवढी आहे! तिच्यावर बसायचं तर—"

"किती मोठ्या वाहनावर कुणी बसावं हे आपण ठरवणार?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चौथीच्या वर्गाला गप्प करायची ती नजर होती. आचरेकर खाली बसले.

दिघ्यांनी ठराव वाचला. घूस ही संस्थेची सभासद नाही, सहसभासद नाही, भाडेकरूही नाही. तरी ती संस्थेच्या जागेत राहते, ही बाब सभेने खेदपूर्वक नोंदवावी. तिला जिवंत पकडून संस्थेच्या हद्दीबाहेर सोडावं. या कामासाठी मूषक उपसमिती नेमावी आणि श्री. सहदेव आचरेकर यांना तिचे कार्यवाह करावं. आवारात घूस असेपर्यंत मागील जागेच्या स्थितीत कोणताही बदल करू नये. सलग तीस दिवस घूस न आढळल्यास मोहीम पूर्ण झाली असं समजून सदर जागा सपाट करावी व तिथे पत्र्याची शेड घालून वाहनतळ करावा.

"हरकत?" दिघ्यांनी विचारलं.

अण्णांनी मान खाली टाकली. ती संमती समजण्यात आली.

घरी येऊन आचरेकरांनी ठरावाची प्रत बायकोला वाचून दाखवली. जानकीबाई लिहिणं वाचणं जेमतेम शिकल्या होत्या, पण हिशेब त्यांना एका दमात कळला.

"म्हणजे घूस रवली तर माझो सुरण जातलो. घूस गेली तर माझी जमीन जातली."

"तसंच काहीसं."

"आणि ह्या तुमी लेखी मागून घेतलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी आचरेकरांना पेज मिळाली नाही.

पिंजरा मात्र मिळाला. आमिष म्हणून भाजलेला करांदा लावला, आणि दोनच दिवसांनी सकाळी आत घूस होती. चांगली गलेलठ्ठ, शेपटी अर्धी तुटलेली, डावा कान फाटलेला, आणि चेहऱ्यावर भाडं न भरणाऱ्याचा शांतपणा. पंचनामा झाला. दिघ्यांनी वहीत 'घूस क्र. १' असं लिहून आचरेकरांची 'पकडणार' म्हणून सही घेतली आणि मिरवणुकीने सगळे मागच्या भिंतीपाशी गेले. संस्थेची हद्द तिथे संपत होती. भिंतीपलीकडे 'मैत्री' सोसायटी सुरू होत होती. रत्नप्रभाबाईंनी घुशीला हात जोडले, आचरेकरांनी पिंजऱ्याचं दार पलीकडे करून उघडलं, आणि जीवदया पूर्ण झाली.

दिघ्यांनी कॅलेंडरवर तीस दिवस मोजून खूण केली. पाचव्या सकाळी बागेत ताजी माती होती. सहाव्या सकाळी पिंजऱ्यात अर्धी शेपटी आणि फाटका कान.

'घूस क्र. २' अशी नोंद झाली, तेव्हा आचरेकरांनी पुन्हा सही केली. पण भिंतीशी गेले तेव्हा पलीकडे 'मैत्री'चे सचिव दशरथ वैती आपला रिकामा पिंजरा धुवत उभे होते. वैती मूळचे मुलुंडचेच. या सगळ्या इमारतींखाली त्यांच्या आजोबांची भातशेती होती, आणि ती विकल्याचा पश्चात्ताप ते रोज संध्याकाळी मीटरच्या खोलीलगत घातलेल्या बेकायदा पत्र्याखाली कॅरम खेळून घालवीत.

"काय आचरेकर, परत आमच्याकडं?"

"वैती, ही तीच आहे रे. तू सोडलीस ना परवा?"

"मग काय करू, घरात ठेवू? आमच्याकडे पण ठराव हाय, जिवंत सोडायचा. हद्द आमची पण हीच भिंत." वैती हसले. "मी काय म्हनतो, तुझं काय बिघडलं? तुला वहीत नंबर मिळतो ना?"

आचरेकर थबकले. पिंजरा हातात तसाच राहिला. बावीस वर्षं हजेरी लिहिलेल्या डोक्यात काहीतरी हललं. घूस सापडत राहिली तर तीस दिवस कधीच भरणार नव्हते. घूस आठवड्यातले चारच दिवस आपल्याकडे राहिली तर सुरण अर्धाच जाणार होता.

"सोमवारी तू सोडायची, शुक्रवारी मी," ते म्हणाले.

"झकास. पन गनपतीत दोन दिवस तुझ्याकडं जास्ती. आमच्याकडं पाव्हने हायत."

घरी आल्यावर जानकीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पेज वाढली. वर पापडही भाजला.

दसऱ्यापर्यंत वहीत नऊ घुशी जमा झाल्या. नवव्या नोंदीत दिघ्यांनी 'शेपटी अर्धी' असा उल्लेख केला होता, पहिलीतही केला होता. पण मागची पानं उलटण्याची आपल्या कचेऱ्यांत पद्धत नाही. स्कूटर आली. पोपटी रंगाची. तिला हार घातला, पेढे वाटले, आणि ती फाटकाजवळ उघड्यावर उभी राहिली. तिच्यावर वडाच्या झाडावरचे कावळे शिटू लागले. दिघे रोज सकाळी ओलं फडकं घेऊन खाली येत आणि आचरेकरांच्या खिडकीकडे बघत बघत सीट पुसत.

"नऊ झाल्या, आचरेकर. संपणार कधी?"

"प्रयत्न चालू आहेत, साहेब."

"एवढ्या येतात कुठून?"

"हद्दीबाहेरून," आचरेकर म्हणाले. ते खरंच होतं.

याच सुमारास रस्त्यावर अशी हूल उठली की बंद केलेल्या गॅलऱ्यांची महापालिकेकडून पाहणी होणार आहे. सोळांपैकी बारा बिऱ्हाडं वरच्या मजल्यांवर होती आणि बाराही जणांनी गॅलरीला काचा लावून तिची खोली केली होती. दिघ्यांच्या गॅलरीत मुलगा अभ्यास करी. रत्नप्रभाबाईंच्या गॅलरीत देव होते. अण्णांच्या गॅलरीत अण्णा होते. तातडीची सभा झाली. बारा लोकांच्या चेहऱ्यावर चिंता होती आणि दिघ्यांच्या हातात नऊ नोंदींची वही. गरज आणि कागद एका ठिकाणी आले की ठराव आपोआप जन्मतो. तो असा होता: आवारात घुशींचा गंभीर उपद्रव असल्याचं वहीवरून सिद्ध होत असून, सभासदांनी गॅलऱ्या केवळ घुशीपासून संरक्षणासाठी, तात्पुरत्या बंद केल्या आहेत. आवार घूसमुक्त होताच त्या उघडण्यात येतील.

"घूस दुसऱ्या मजल्यावर चढते?" तळमजल्यावरच्या एका सभासदाने विचारलं.

"चढत नाही याचा पुरावा आहे तुमच्याकडे?" दिघ्यांनी विचारलं. पुरावा नव्हता. शंका फेटाळण्यात आली.

ही युक्ती भिंतीपलीकडे जायला घुशीइतकाही वेळ लागला नाही. 'मैत्री'ने तो ठराव जसाच्या तसा उतरवून घेतला आणि कॅरमचा पत्राही त्यात बसवला. मग समोरच्या सोसायटीने. मग कोपऱ्यावरच्या, जिच्या गच्चीवर दोन खोल्या होत्या. आठवड्याभरात त्या रस्त्यावरच्या उरलेल्या नऊ संस्थांना कळून चुकलं की आपल्याकडे सगळं आहे, फक्त घूस नाही. लोक वैतींकडे येऊ लागले. आधी लाजत, मग हक्काने. वैतींनी समन्वय मंडळ काढलं, स्वतः निमंत्रक झाले, आणि नियम केला की प्रत्येक संस्थेला घूस चार दिवस मिळेल. अर्ज तीन प्रतींत. आधी येईल त्याचा नंबर आधी.

आचरेकर धावत भिंतीशी गेले.

"वैती, माझा सोमवार?"

"आता सोमवार-शुक्रवार नाय राहिलं, आचरेकर. आता यादी. तुमच्याकडं होती ना आता? म्हंजे तुम्ही शेवटी. दहा संस्था, चार दिवस." वैतींनी बोटं मोजली. "चाळीसाव्या दिवशी तुझी."

"अरे, तिसाव्या दिवशी माझी बाग जाते!"

"मी काय करू यार? टेलिफोनला सहा वर्षं थांबलास, घुशीला चाळीस दिवस नाय थांबत?"

"ती एकच आहे हे मी सांगेन सगळ्यांना."

"सांग की." वैतींचा आवाज जरा मऊ झाला. "पन तुमच्या वहीत नऊ हायत आणि पकडणार म्हनून सही तुझी. एकच हाय म्हनालास तर आठ कुठं गेल्या, ते तुलाच विचारतील. समद्या गॅलऱ्या त्या आठांवर उभ्या हायत, बाबा."

दिवस भरू लागले. बागेत माती स्थिर होती. इतकी स्थिर बाग जानकीबाईंनी श्रावणापासून पाहिली नव्हती. उरलेले तीन सुरण जमिनीखाली फुगत होते, करांद्याच्या वेलाला गाठी धरल्या होत्या, आणि त्यांच्याकडे पाहून त्यांना रडू येत होतं. विसाव्या दिवशी दिघे टेप घेऊन आले आणि शेडचं माप घेऊन गेले. बाविसाव्या दिवशी त्यांनी पत्रेवाल्याला जागा दाखवली. पत्रेवाला हळदीच्या वाफ्यात उभा राहिला होता.

"हाडा कोणाचीय घूस," जानकीबाई म्हणाल्या. "आपलीच होयी असा काय नाय."

कारखान्यातून सुटल्यावर आचरेकर रिकामा पिंजरा कापडी पिशवीत घालून निघत. ज्या माणसाने श्रावणात एका घुशीचा जीव घ्यायचं ठरवलं होतं, तो कार्तिकात दारोदार विचारत होता, "एखादी घूस द्याल का हो? दोन दिवसांकरता? मी स्वतः आणून पोचवीन." काहींनी त्यांना चहा दिला. एका बाईंनी सांगितलं की घूस एरवी दिलीच असती, पण भाऊबीज आहे, माहेरचे येणार, तेव्हा पाहणीवाले आले तर? कोपऱ्यावरच्या संस्थेच्या अध्यक्षांनी खासगीत कबूल केलं की त्यांच्या वाट्याच्या चार दिवसांत पिंजरा बंद आला होता, वर फडकं होतं, आणि त्यांनी फडकं उचलून पाहिलं नव्हतं. नोंद मात्र केली होती.

"उचलायचं ना!"

"आणि आत नसती तर?" अध्यक्ष म्हणाले. "मग मला ते माहीत झालं असतं."

एकोणतिसाव्या दिवशी आचरेकर दुपारपाळी बदलून लवकर घरी आले. मागचं दार उघडं होतं. बागेत जानकीबाई गुडघ्यापर्यंत मातीत, लुगडं खोचून, हातात गावाहून आणलेली पारय, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन उभ्या होत्या. भिंतीलगत नारळ जाईल एवढं भोक होतं. त्याच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग. पलीकडे दुसरं. बाजूला तिन्ही सुरण काढून ठेवलेले, गवरीएवढे. अजून महिनाभर राहिले असते तर परातीएवढे झाले असते.

"अगं, हे काय करतेस?"

"घूस गावना नाय मां तुमका?" त्यांनी घाम पुसला. "मगे मियाच घूस."

आचरेकर दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले.

"पानां तशीच उभी ठेवतंय," जानकीबाई म्हणाल्या. "खाली कायेक ठेवूचा नाय. तिणा कसा केल्यान ता मी बघलंय. तुमी नुसते बघत काय रवलास? करांद्याचो वेल तुमी खणा. माझ्यान तो खणूक होवचो नाय."

त्यांनी खणला. बियाणं चिंदरचं होतं. जानकीबाईंच्या आईने गोणपाटात बांधून दिलं होतं, आणि ती आता नव्हती.

तिसाव्या दिवशी सकाळी बागेची पाहणी झाली. दिघे, रत्नप्रभाबाई आणि खुर्चीसकट अण्णा. दिघ्यांनी छत्रीचं टोक भोकात घातलं, मग वाकून कडा पाहिल्या. पहार कशी बसते हे कोकणातल्या माणसालाच कळतं असं नाही. दिघ्यांसारख्या ठाण्याच्या माणसालाही कळतं.

"आचरेकर, कडा फार सरळ आहेत हो."

"साहेब, दुसऱ्या मजल्यावर चढणारी घूस आहे. तिला सरळ कडा काय जड?"

दिघे उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "मी स्पष्ट लिहिणार आहे. गेल्या तीस दिवसांत आवारात घूस नाही. हे खणलेलं आहे, माणसाने—"

"दिघे," रत्नप्रभाबाई हळूच म्हणाल्या, "आवारात घूस नाही असं लिहिलंत, तर माझ्या देवांचं काय?"

दिघ्यांचा पेन थांबला. त्यांनी वर पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर काचेच्या आड त्यांचा मुलगा पुस्तक घेऊन बसला होता. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं. पोपटी स्कूटरवर एक कावळा बसला होता. अण्णा जागे होते, आणि सबंध कारकिर्दीत पहिल्यांदाच बोलले: "सही कर रे."

'घूस क्र. १०. ताजी बिळं आढळली. मोहीम चालू.' दिघ्यांनी सही केली. रत्नप्रभाबाईंनी भोकाला हात जोडले आणि म्हणाल्या, "बिचारीला अजून कुठे थारा नाही मिळाला."

जानकीबाई दारात उभ्या होत्या. वहिवाटीप्रमाणे त्या शनिवारी पंधरा दारांना तीन सुरणांचे तुकडे आणि मूठमूठ करांदे पोचले. सोळा घरांत भाजी झाली, चिंच घालून, खाजू नये म्हणून.

तेव्हापासून दर महिन्याच्या अठ्ठाविसाव्या दिवशी जानकीबाई खणतात. पान दिसेल एवढं वर लावतात. खाली काही धरायच्या आत पुन्हा महिना भरतो. मागे एकदा त्यांची कंबर धरली, तर दिघे स्वतः मलम घेऊन खाली आले आणि अदबीने म्हणाले, "वहिनी, सोमवारपर्यंत जमेल ना?" खरी घूस समन्वय मंडळाच्या पहिल्याच फेरीत पवईच्या बाजूला निघून गेली, असं वैती सांगतात. फडक्याखालचा पिंजरा मात्र अजून वेळापत्रकाप्रमाणे फिरतो आहे, आणि यादीत आता चौतीस संस्था आहेत.

तेव्हा कुणी काय भरलं ते एकदा मांडून मोकळे होऊ. घुशीने काही भरलं नाही. वैतींनी नाही, अण्णांनी नाही. दिघ्यांनी एका स्कूटरचा रंग. आचरेकरांनी एका अर्जाचा कागद. बारा गॅलऱ्यांचं सगळं देणं एका बाईच्या कंबरेवर निघालं, आणि तिच्याकडून पावती कुणी मागितली नाही. आपण हे वाचत बसला आहात ती खोली मूळ नकाशात काय होती, हे विचारण्याचा आम्हाला अधिकार नाही. फक्त खिडकी जरा लावून घ्या. खाली कोणीतरी पहारीने माती खणतं आहे, आणि तो आवाज वाचताना त्रास देतो.